कुठून कुठपर्यंत

गोव्याहून मुंबई किती लांब आहे, हा प्रश्न गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरात निघाला तो विमानाच्या तिकिटावरून. ताईच्या नातीचे लग्न डोंबिवलीला ठरले होते आणि माझे तिकीट काढण्याचे काम भाच्याने परस्पर आपल्याकडे घेतले होते. त्याचा फोन आला, "मामा, मोपा की दाबोळी? मोपाचं नऊशे रुपयांनी स्वस्त आहे, आणि अंतरही चाळीस किलोमीटरनी कमी." मी विचारले, "कुठून कुठपर्यंत?" तो क्षणभर गप्प झाला आणि मग लहान मुलाला सांगावे तसे म्हणाला, "मामा, गोव्याहून मुंबईपर्यंत."

मोजणी खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे उत्तर पुरत नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक शेतकरी एक-चौदाचा उतारा हातात धरून "माझी जमीन अमुक मीटर भरते" असे छातीठोकपणे सांगायचा, आणि आम्ही आधी बांधावरचा दगड शोधायचो, कारण ज्या दगडापासून मोजायचे तो दगडच कुणी रात्रीतून हात-दोन हात सरकवलेला असेल तर पुढची सगळी मोजणी बिनचूक होऊनही खोटीच असते. गोवा हा काही दगड नव्हे. काणकोणपासून पेडण्यापर्यंत पसरलेला तो एक प्रदेश आहे, आणि आता त्याला मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आहेत. मुंबईचेही तेच. चर्चगेटला राहणारा आणि बदलापूरला राहणारा असे दोघेही आपण मुंबईत राहतो असेच सांगतात.

फोन ठेवल्यावर मला राहवले नाही. समोर भाच्याने पाठवलेली लग्नपत्रिका पडली होती, तिच्या पाठकोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला. दाबोळीचा अक्षांश १५ अंश २३ मिनिटे आणि मुंबईच्या विमानतळाचा १९ अंश ५ मिनिटे, म्हणजे फरक ३ अंश ४२ मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, ही दर्यावर्दी लोकांनी करून ठेवलेली मोठी सोय आहे. त्यामुळे नकाशा न उघडताही कळते की मुंबई दाबोळीच्या उत्तरेला २२२ सागरी मैल, म्हणजे ४११ किलोमीटरवर आहे. शिवाय ती आपल्यापेक्षा जवळजवळ एक अंश पश्चिमेलाही आहे, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात नसते. आपल्या मनात मुंबई सरळ वर असते, प्रत्यक्षात ती वर आणि थोडी समुद्राच्या बाजूला कललेली आहे. या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०६ किलोमीटर भरतो. दोन बाजू मिळाल्या की कर्ण शाळकरी पोरही काढील. दाबोळी ते मुंबई सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आले, आणि मोपा उत्तरेला असल्यामुळे तिथून ३८५ च्या जरासे पुढे. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबच्या प्रवासात नकाशावरची सरळ रेघ आणि खरी जवळची वाट यांत मोठी तफावत पडते, परंतु आपली ही वाट जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे तसा काही घोळ होत नाही. भाच्याचे चाळीस किलोमीटर ढोबळमानाने बरोबर होते, हे मला कबूल करावे लागले.

पण हे चाळीस किलोमीटर विमानाला जेमतेम तीन मिनिटांचे असतात. तेच जमिनीवर मडगावच्या माणसाला दीड तासाचे पडतात. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, सकाळचे काही तास तिथली धावपट्टी नौदलाच्या सरावाला दिलेली असते, त्यामुळे गोव्याला दुसरा विमानतळ हवा की नको यावर माझी निम्मी नोकरी संपेपर्यंत वाद चालला होता. अखेर ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने सुटू लागली. पेडण्याच्या, डिचोलीच्या आणि पलीकडच्या बांदा-सावंतवाडीच्या माणसाला त्या दिवशी मुंबई एकदम जवळ आली. मडगावकडच्या सासष्टीतल्या माणसाला ती आहे तिथेच राहिली, पण कुणी स्वस्ताच्या मोहाने मोपाचे तिकीट काढले तर त्याच्यापुरती ती चांगलीच लांब गेली. आम्ही माशेलचे. आम्हाला दोन्हीकडे जायला सारखाच त्रास. दाबोळी थोडे जवळ, पण जुवारीवर नवा पूल होईपर्यंत त्या जवळपणाला काही अर्थ नव्हता. पुलाच्या तोंडाशी ट्रकांच्या मागे अडकून डोक्यावरून जाणारे आपलेच विमान पाहिलेली माणसे मला ठाऊक आहेत.

"मोपाचंच काढ," असे मी भाच्याला कळवले.

निघण्याच्या आदल्या रात्री मी कपाटातून बाबांची वही काढली. ही मूळची दुकानातली खतावणी, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असे छापील रकाने असलेली. बाबा गिरगावात एका छापखान्यात हिशेबनीस होते आणि ही वही त्यांना तिथूनच मिळाली होती. तिच्यात त्यांनी आपल्या मुंबई-गोवा खेपा लिहून ठेवल्या आहेत. अंतर कुठेच नाही, वेळा मात्र मिनिटापर्यंत आहेत: भाऊच्या धक्क्यावरून बोट किती वाजता हलली, रत्नागिरीला किती वाजता लागली, देवगडला दिवे कधी दिसले, वेंगुर्ल्याला पडावात उतरणारी माणसे किती होती, पणजीच्या धक्क्याला पाय कधी लागला. सगळे पेन्सिलीने, कारण बोटीवर शाईची दौत कोण सांभाळणार. साधारण चोवीस तासांचा तो प्रवास होता, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी बंदच असायच्या. आईला बोट लागायची. एका खेपेच्या नोंदीपुढे "हिला विजयदुर्गपर्यंत लिंबू" एवढेच शब्द आहेत.

वहीतली एक गोष्ट मात्र मी नोकरीला लागल्यानंतर, म्हणजे हिशेबाची थोडी समज आल्यावर हेरली. मुंबईहून गोव्याला आलेली प्रत्येक खेप बाबांनी जमेच्या बाजूला लिहिली आहे आणि गोव्याहून मुंबईला गेलेली प्रत्येक खेप नावे टाकली आहे. त्यांनी हे हेतुपुरस्सर केले की छापखान्यातल्या सवयीने हात तसा गेला, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

१९५५ च्या मे महिन्यात एक जमा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एक नावे आहे. त्यानंतर पान कोरे. त्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीज शिपायांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले. आगगाडी थांबली. बाबांच्या बोटीचे तिकीट गेले ते गेलेच. जायचे तर परवाना हवा, आणि बाबांना तो दोनदा नाकारला गेला. कोऱ्या पानावर मधोमध त्यांनी फक्त "बंद" असे लिहिले आहे, दुकानाच्या फळीवर लिहावे तसे. १९५८ साली माझी आजी माशेलला वारली. ते पत्र कुठून कुठून फिरत गिरगावात पोहोचले तेव्हा तेरावेसुद्धा होऊन गेले होते. मुंबई त्या काळातही दाबोळीपासून सव्वाचारशे किलोमीटरवरच होती. एक मीटरही इकडची तिकडे झाली नव्हती.

याच काळातली विमानांची गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी सुरू केला तो नेमका १९५५ साली, म्हणजे इकडे वाटा बंद होत असताना. त्यांच्या विमान कंपनीची विमाने दाबोळीहून दमणला, दीवला आणि कराचीला जायची. दमण मुंबईच्या उत्तरेला आहे. म्हणजे गोव्याहून उडालेले विमान वाटेत कुठेतरी मुंबईच्या अक्षांशावरून पुढे जायचे, आत बसलेल्या माणसाला मुंबई ही उतरण्याची जागा नसायची, आणि खाली गिरगावात बाबा आपल्या आईच्या पत्राची वाट पाहत असायचे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. वहीतली पुढची नोंद फेब्रुवारी १९६२ ची आहे, आणि ती अर्थातच जमेची. त्या खेपेनंतर बाबा माशेललाच राहिले, कुळागर पाहू लागले, आणि पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. ताई मात्र माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, गिरगावात जन्मलेली आणि तिथल्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिला इथे करमले नाही. लग्न करून ती १९७० मध्ये डोंबिवलीला गेली, ती गोव्यातून मुंबईला गेली असे आम्ही म्हणतो आणि मी घरी परत आले असे ती म्हणते.

बाबांच्या बोटीच्या चोवीस तासांवरून आठवले म्हणून सांगतो. माशेलपासून फार दूर नसलेल्या केरी गावात १८९२ साली जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकर यांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर बसवून अंतराळात पाठवली. दुसरे यान उडाले त्यानंतर अकरा दिवसांनी बाई गेल्या. त्यांतले व्हॉयेजर-१ आज इतके दूर गेले आहे की प्रकाशाच्या वेगाने निघालेला त्याचा संदेश पृथ्वीवर यायला तेवीस तासांहून अधिक लागतात. केरीचा तो आवाज आज आपल्यापासून जवळजवळ तेवढ्याच वेळावर आहे, जेवढ्या वेळावर बाबांच्या बोटीला गिरगाव होते. किलोमीटर लिहायला गेलो तर रकाना पुरणार नाही.

बोटी गेल्या, आगगाडी आली. पूर्वी गाडीने जायचे तर लोंढा-मिरज करत मोठा वळसा पडायचा. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली आणि संध्याकाळी करमळीला बसलेला माणूस पहाटे मुंबईत उतरू लागला. मला स्वतःला अजूनही तोच प्रवास पसंत आहे. या खेपेला भाच्याने ऐकले नाही, एवढेच.

तर विमानाचे. तिकिटावर सुटण्याची वेळ ९.५० आणि पोहोचण्याची ११.१५ अशी होती, म्हणजे एक तास पंचवीस मिनिटे. आता जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे जाते हे कुणीही सांगेल. त्या हिशेबाने मोपा ते मुंबई हा अर्ध्या तासाच्या आतला रस्ता आहे. मग उरलेला जवळजवळ एक तास कुठे जातो, हे पाहायचे मी ठरवले होते, आणि त्यासाठी बाबांची वही, पेन्सिल आणि मनगटावरचे घड्याळ अशी सामग्री घेऊन मी खिडकीजवळ बसलो होतो. शेजारच्या तरुणाने एकदा वहीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि कानांत बोंडे घातली.

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हलते तिथपासून ते मुंबईत जागेवर उभे राहून चाकांना पुन्हा अडसर लागेपर्यंतचा तो सगळा वेळ असतो, आणि त्यात वाटेत होणाऱ्या खोळंब्याची तजवीज कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. आमचे विमान ९.५५ ला, म्हणजे पाच मिनिटे उशिराने हलले. १०.०७ ला चाके सुटली. खाली पेडण्याचा कातळ, मग तेरेखोलची खाडी, आणि थोड्याच वेळात उजव्या हाताला सिंधुदुर्गाचा किनारा पांढऱ्या फेसाच्या दोऱ्यासारखा दिसू लागला. बाबांना ज्या वेंगुर्ल्यापासून पणजी गाठायला अर्धा दिवस नसला तरी काही तास नक्कीच लागायचे, ते वेंगुर्ले मी पेन्सिलीला टोक आहे की नाही हे पाहीपर्यंत मागे पडले.

एवढ्या छोट्या प्रवासात विमान सपाटीला फारसे चालतच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळले. वैमानिक उतरणीचा एक सोपा आडाखा वापरतात: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. तीस हजार फुटांवरून उतरायचे तर नव्वद सागरी मैल, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर आधीच उतरायला लागले पाहिजे. चढायला जवळजवळ तेवढेच अंतर जाते. त्यातही दहा हजार फुटांच्या खाली अडीचशे नॉटच्या वर, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरच्या वर, वेग नेता येत नाही. तेव्हा ३८५ किलोमीटरांतून चढ आणि उतार वजा केले तर माथ्यावर हाती राहतात ते पन्नासेक किलोमीटर. चोर्ल्याचा घाट चढून वर चहाची टपरी लागेपर्यंत लगेच पलीकडचा उतार सुरू व्हावा, तसला हा प्रकार आहे. ज्या आठशेच्या वेगाच्या भरवशावर आपण अंतराला भागायला बसतो, तो वेग या प्रवासात मोजून चार मिनिटांचा पाहुणा असतो. आणि त्या चार मिनिटांतच चहा-बिस्किटांची गाडी मधल्या वाटेतून रेटत आणायची, विकायची आणि परत न्यायची असते. ती मुले हे कसे जमवतात याचे मला कौतुक वाटले.

उतरायला लागल्याची घोषणा झाली आणि मग काहीतरी निराळे सुरू झाले. माझ्यापुढच्या घडीच्या टेबलावर खिडकीतून आलेला उन्हाचा एक चौकोन पडला होता. तो हळूहळू सरकत वहीवर आला, वहीवरून शेजाऱ्याच्या कोपरावर गेला आणि नाहीसा झाला. दोनेक मिनिटांनी तो पुन्हा आला, पुन्हा त्याच वाटेने सरकला. विमान घिरट्या घालत होते. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि एवढ्या मोठ्या शहराची बहुतेक येजा त्या एकीवर पडते. जागा मिळेपर्यंत येणाऱ्या विमानांना लांबट वर्तुळात, एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ आणि एक मिनिट वळण असे फिरत ठेवतात. एका फेरीला चार मिनिटे. उन्हाचा चौकोन तीनदा माझ्या वहीवरून गेला. मुंबईला जाताना विमान रेंगाळते आणि येताना झटक्यात येते, याचे कारण वारा असे आमच्याकडे बरेच जण सांगतात. माझे मत तसे नाही. वारा बहुधा या वाटेला आडवा असतो. रेंगाळायला लावते ती ही रांग.

११.०४ ला चाके टेकली आणि ११.१४ ला विमान जागेवर उभे राहिले. पाच मिनिटे उशिरा हलून, बारा मिनिटे आकाशात गोल फिरून आम्ही वेळेच्या एक मिनिट आधी पोहोचलो होतो, आणि तशी घोषणाही मोठ्या अभिमानाने झाली. मला आमच्या खात्यातले एक जुने साहेब आठवले. ते कुठल्याही मोजणीला तीन दिवस लागतील असे लिहून द्यायचे, दीड दिवसात उरकायचे आणि तत्परतेबद्दल शाबासकी घ्यायचे.

बाहेर पडून, बॅग घेऊन, ऐरोली आणि शीळफाट्याच्या गर्दीतून टॅक्सीने डोंबिवलीला पोहोचेपर्यंत दीड वाजून गेला. मी घरातून ६.४० ला निघालो होतो. मोपाला जायला माशेलहून लागलेले टॅक्सीचे पैसे भाच्याने वाचवलेल्या नऊशेपेक्षा बरेच जास्त झाले होते, पण लग्नघरात हा विषय काढण्यात अर्थ नव्हता.

ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. गुडघ्यांमुळे तिला आता फार उठबस होत नाही. "कितीला निघालास?" तिने पहिले विचारले. मी सांगितले. तिने बोटांवर मोजले आणि "सात तास. बाबांपेक्षा बरं," असे म्हणून आत कुणालातरी भात लावायला सांगितला.

संध्याकाळी मांडवाची गडबड जरा ओसरल्यावर मी वही काढून बसलो. विमानात ओढलेल्या पेन्सिलीच्या खुणांवरून नोंद नीट उतरवायची होती. गोव्याहून मुंबई, म्हणून मी उजवीकडच्या रकान्यात तारीख घातली आणि ६.४० लिहायला घेतले. ताई चष्मा लावून वाकून पाहत होती. ती वही तिने चाळीसेक वर्षांनी पाहिली असेल. तिने जुनी पाने उलटली, "बंद" लिहिलेल्या पानावर थोडी थांबली, लिंबाच्या नोंदीवर हसली, आणि मग माझ्या पानावर येऊन उजव्या रकान्यावर बोट ठेवले.

"हे काय, नावे?"

"बाबा तसंच लिहायचे. इकडे आलं की नावे."

"बाबांचं बाबांपाशी," ताई म्हणाली. "वही आज माझ्या घरात आहे ना? मग खोड ते, आणि जमेला लिही."